प्रोग्राम मशीनमध्ये जात नाही? बोर्ड बदलण्याआधी ओळीच्या शेवटचा बाइट बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. फॅनक झिरो-आय कंट्रोलचं (कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा संगणक) जुनं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन आहे. त्यातले प्रोग्राम आरएस-२३२ (सिरियल) केबलने लॅपटॉपवर घेतले. उघडून पाहिलं तर प्रत्येक ओळीनंतर दोन रिकाम्या ओळी. त्या तुम्ही एडिटरच्या फाइंड-रिप्लेसने काढल्या आणि फाइल दिसायला स्वच्छ झाली. आता तीच फाइल मशीनला परत पाठवली की स्क्रीनवर खाली ‘एलएसके’ लुकलुकत राहतं. अलार्म येत नाही आणि प्रोग्रामही येत नाही. केबल बदलून झाली, बॉड रेट (केबलवरून पाठवण्याचा वेग) ९६०० वरून ४८०० करून झाला. शिवाय याच लॅपटॉपवर तसाच ‘साफ’ केलेला सिमेन्सचा एक प्रोग्राम पेन ड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर नेला, तर तो तिथे एकाच लांबलचक ओळीत उघडला. मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं, फॅनकचा पोर्ट गेलाय, बोर्ड बदला. तुम्ही विचारताय, बोर्डाची ऑर्डर द्यावी का?

फाइलमधले बाइट बघेपर्यंत तरी देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच पोर्ट ठीक असल्याच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे, मशीनमधून लॅपटॉपवर प्रोग्राम नीट आले. अक्षरं बिघडली नव्हती, फक्त रिकाम्या ओळी जास्त होत्या. म्हणजे बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) जुळलेले आहेत. लॅपटॉपकडून मशीनकडे जाणाऱ्या वायरबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण दुसरी खूण जास्त बोलकी आहे: सिमेन्सच्या मशीनला केबल नव्हतीच. पेन ड्राइव्हने नेलेली फाइलसुद्धा बिघडली. मशीन दोन, रस्ते दोन, पण लॅपटॉप तोच आणि त्यावर केलेली सफाईही तीच. दोष आधी तिथे शोधायचा.

माझा अंदाज असा: सफाई करताना तुमच्या हातून रिकाम्या ओळी गेल्या, पण त्यांच्याबरोबर ‘ब्लॉक (प्रोग्रामची एक ओळ) संपला’ हे मशीनला सांगणारं अक्षरही गेलं. एडिटरला ते अक्षर नसलं तरी चालतं, म्हणून स्क्रीनवर सगळं छान दिसतं. मशीनला ते नसेल तर चालत नाही.

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल. टेक्स्ट फाइलमध्ये ‘ओळ’ अशी वेगळी वस्तू नसते. एकामागून एक बाइट असतात आणि मध्येच एखादा बाइट सांगतो की इथे ओळ संपली. हे काम दोन अक्षरं करतात. एक लाइन फीड, म्हणजे एलएफ: क्रमांक १०, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ०ए. दुसरं कॅरेज रिटर्न, म्हणजे सीआर: क्रमांक १३, हेक्समध्ये ०डी. १९६३ साली आस्की प्रमाण ठरलं तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला टेलिप्रिंटर असायचे. छपाईचा भाग डावीकडे परत आणणं आणि कागद एक ओळ पुढे सरकवणं या त्यांच्या दोन वेगळ्या हालचाली होत्या, म्हणून अक्षरंही दोन. पुढे युनिक्सने एकटा एलएफ ठेवला. लिनक्स आणि आजचे मॅक तोच वापरतात. डॉसने आणि त्याच्यामागून विंडोजने सीआर-एलएफ ही जोडी ठेवली. जुन्या मॅकवर, म्हणजे २००१ साली ओएस टेन येण्याआधी, एकटा सीआर असायचा.

सीएनसीची वाट मात्र कागदी टेपवरून आली आहे, आणि तुमच्या कंट्रोलच्या सवयी अजून त्या टेपच्याच आहेत. फॅनकच्या मॅन्युअलमध्ये प्रोग्राम मेमरी मीटरमध्ये दिलेली असते, ती त्यामुळेच. टेपवर एका इंचात १० अक्षरं बसायची, म्हणून २५६ किलोबाइट मेमरीला ६४० मीटर म्हणतात. टेपवर दोन कोड चालायचे. ईआयए कोडमध्ये ब्लॉकच्या शेवटी जे अक्षर असतं त्याला सीआर म्हणतात, आणि आयएसओ कोडमध्ये तेच काम एलएफ करतो. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ‘फॅनकच्या पुस्तकात एंड ऑफ ब्लॉक म्हणजे सीआर लिहिलंय’ असं कुणी सांगितलं, तर तो ईआयएचा सीआर आहे, टेपवर फक्त आठव्या ट्रॅकचं भोक. आस्कीच्या ०डी या बाइटशी त्याचा संबंध नाही. तुमचा लॅपटॉप जे पाठवतो ते आयएसओच्या वाटेचं आहे. तिथे नियम साधा आहे: एलएफ म्हणजे ब्लॉक संपला, आणि सीआरकडे कंट्रोल दुर्लक्ष करतं.

या एका नियमातून तुमचं ‘एलएसके’ सुटतं. एलएसके म्हणजे लेबल स्किप. टेपच्या सुरुवातीला लोक जॉबचं नाव, ड्रॉइंग नंबर असं काहीबाही पंच करून ठेवायचे. ते प्रोग्राममध्ये येऊ नये म्हणून वाचन सुरू झालं की पहिला एंड ऑफ ब्लॉक मिळेपर्यंत कंट्रोल सगळं सोडून देतं. फाइलच्या पहिल्या ओळीत फक्त टक्क्याची खूण का असते, त्याचं कारणही हेच. टक्का, त्याच्यामागे एलएफ, तिथे लेबल स्किप संपतो आणि दुसऱ्या ओळीतला ओ नंबर, म्हणजे प्रोग्रामचा नंबर, कंट्रोलला दिसतो. आता फाइलमध्ये सगळीकडे नुसते सीआर असतील, तर पहिला एंड ऑफ ब्लॉक कधी येणारच नाही. पाच हजार ओळी पाठवा, सगळ्या लेबल म्हणून सोडल्या जातील. नियमाप्रमाणे काहीच चुकलेलं नाही, म्हणून अलार्मही नाही.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टक्का आणि ओ नंबर एकाच ओळीत लिहिले, किंवा टक्क्याची ओळच टाकली नाही, तर पहिली ओळ लेबलमध्ये वाहून जाते आणि ओ नंबर हरवतो. मग कंट्रोल पुढच्या एन नंबरालाच, म्हणजे ओळीच्या नंबराला, प्रोग्राम नंबर समजू शकतं. ‘भलत्याच नंबराने प्रोग्राम आला’ ही तक्रार बहुतेक वेळा याच जातीची असते.

आता त्या दोन रिकाम्या ओळींकडे येऊ. त्या कुठल्या बिघाडाने आलेल्या नव्हत्या. फॅनक प्रोग्राम बाहेर पाठवताना प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी काय पाठवतं, हे झिरो-आयमध्ये पॅरामीटर १०० (कंट्रोलमधली एक सेटिंग) वर ठरतं. बिट ३, ज्याला पुस्तकात एनसीआर नाव आहे, शून्य असेल तर एलएफ, सीआर, सीआर अशी तीन अक्षरं जातात. तो १ केला तर फक्त एलएफ जातो. बिट २, म्हणजे सीआरएफ, १ केला तर सीआर-एलएफ ही विंडोजची जोडी जाते. तुमच्या मशीनवर दोन्ही बिट शून्य असणार. बहुतेक एडिटर त्या तीन अक्षरांना तीन वेगवेगळ्या ओळींचे शेवट समजतात, म्हणून एक खरी ओळ आणि दोन रिकाम्या असं दिसतं.

मग तुम्ही फाइंड-रिप्लेस केलं. नेमकं काय टाइप केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे इथून पुढे अंदाज आहे. बहुधा न्यू लाइनचा कोड शोधून त्याजागी रिकामं टाकलं. तसं केल्याने एलएफ गेले, दोन-दोन सीआर उरले, आणि नंतर ‘रिमूव्ह एम्प्टी लाइन्स’ने त्यातला एक सीआर गेला. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी एकटा सीआर आहे. एडिटर त्याला ओळीचा शेवट मानतो, कारण जुन्या मॅकच्या फाइली त्याला ओळखता येतात. फॅनक आणि सिमेन्स, दोघांनाही हवा असतो एलएफ.

हा अंदाज तपासायला फार वेळ लागत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडा आणि खाली उजवीकडच्या पट्टीवर बघा. ‘मॅकिंटॉश सीआर’ असं लिहिलं असेल तर अंदाज खरा. पण त्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एडिटर सुरुवातीच्या ओळींवरून प्रकार ठरवतो, आणि फाइलमध्ये सरमिसळ असेल तर ती पट्टीवर दिसत नाही. म्हणून ‘व्ह्यू’ मेनूतून सगळी अक्षरं दाखवा हा पर्याय चालू करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी काळ्या चौकटीत सीआर, एलएफ काय आहे ते दिसेल. खाली जाऊन मधल्या आणि शेवटच्या ओळीही बघा. एडिटरपेक्षा जास्त भरवशाचं हवं असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ आणि लिनक्सवर ‘ओडी’ ही आज्ञा फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवतात.

हेक्समध्ये टक्का म्हणजे २५ आणि इंग्रजी ओ म्हणजे ४एफ. त्यामुळे पहिले चार-पाच बाइट बघूनच बरंच कळतं. २५ ०ए ४एफ दिसलं तर फाइल एलएफची, चालेल. २५ ०डी ०ए ४एफ म्हणजे विंडोजची जोडी, तीही चालेल. २५ ०ए ०डी ०डी ४एफ म्हणजे फॅनकने पाठवलेली, कुणी हात न लावलेली फाइल, जी परत पाठवली तरी चालायला हवी. आणि २५ ०डी ४एफ दिसलं की तुमचा एलएफ गेला.

कधी कधी २५ च्या जागी ए५ आणि ०डी च्या जागी ८डी दिसतं. तेव्हा ओळींचा नाद सोडा, तो पॅरिटीचा घोळ आहे. मशीन सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर पाठवतंय आणि लॅपटॉप आठ बिट, पॅरिटी नाही, अशा सेटिंगवर वाचतोय. ज्या अक्षरात एकांची संख्या सम असते ते बरोबर येतं, विषम असेल तर आठवा बिट चढतो. म्हणून जी, एन आणि शून्य बरोबर दिसतात, एक्स आणि १ मात्र चित्रविचित्र होतात. एलएफमध्ये दोन एक असतात, म्हणून तो सहीसलामत राहतो. ओळी जागच्या जागी आणि अर्धी अक्षरं बिघडलेली दिसली की पॅरिटी तपासा. तुमच्या बाबतीत हे नाही, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असू शकेल.

आता दुरुस्ती. मशीनमधून घेतलेली मूळ फाइल तुमच्याकडे असेल तर साफ केलेली फाइल बाजूला ठेवून मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करा. एकदा बिघडलेल्या फाइलवर दुरुस्तीचे थर चढवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. नोटपॅड प्लस प्लसच्या ‘एडिट’ मेनूत ओळीचा शेवट बदलण्याचा पर्याय आहे, त्यातून आधी ‘विंडोज सीआर एलएफ’ करा. मगच रिकाम्या ओळी काढा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सगळे शेवट एकसारखे करायचे, मग नको त्या ओळी काढायच्या. फाइंड-रिप्लेसने हाताने अक्षरं काढत बसू नका. एक अडचण येऊ शकते. फाइल आधीच त्या प्रकारची आहे असं एडिटरला वाटत असेल तर तो पर्याय फिका दिसतो आणि दाबता येत नाही. तेव्हा एकदा ‘युनिक्स एलएफ’ करून परत ‘विंडोज’वर या, म्हणजे सरमिसळही निघून जाते.

मूळ फाइल राहिली नसेल तरी एकट्या सीआरची फाइल याच पर्यायाने सुधारते, कारण ओळींच्या जागा शाबूत आहेत. ज्या फाइलमध्ये सीआरही गेले आणि एलएफही गेले, ती मात्र सुधारायला जाऊ नका. ब्लॉक कुठे संपला हे त्या फाइलमध्ये कुठेच उरलेलं नसतं आणि तुम्ही ते अंदाजाने भरणार. तसा प्रोग्राम कॅममधून (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) नव्याने काढा किंवा मशीनमधून परत घ्या.

याबद्दल मी इतका आग्रही का आहे ते सांगतो. प्रोग्राम येतच नसेल तर वेळ जातो, बाकी काही होत नाही. खरा धोका प्रोग्राम येतो आणि काही ओळी एकमेकींना चिकटलेल्या असतात, तेव्हा असतो. समजा एका ओळीत जी०० झेड१००. आहे आणि पुढच्या ओळीत एक्स२००. वाय१५०. आहे. लिहिणाऱ्याने आधी टूल वर उचलायचं आणि मग बाजूला न्यायचं ठरवलंय. मधला शेवट गेला की जी०० झेड१००. एक्स२००. वाय१५०. असा एकच ब्लॉक होतो. हा ब्लॉक व्याकरणाने पूर्ण बरोबर आहे. कंट्रोल अलार्म देणार नाही, तिन्ही अक्ष एकदम रॅपिडने (पूर्ण वेगाने) निघतील आणि वाटेत क्लॅम्प असेल तर टूल त्यावर जाईल. एका वर्कशॉपमध्ये मी हे झालेलं पाहिलं आहे. प्रोग्राम फोनवरच्या मेसेजमधून कॉपी-पेस्ट होऊन आला होता आणि मध्येच दोन ओळी जुळल्या होत्या. ऑपरेटरचा काही दोष नव्हता. स्क्रीनवर लांब ओळ पुढच्या ओळीवर मोडून दिसते, त्यामुळे जुळलेला ब्लॉक सहज नजरेत येत नाही.

म्हणून स्क्रीनवर अर्धविराम बघायची सवय लावा. फॅनक प्रत्येक एंड ऑफ ब्लॉक अर्धविरामाने दाखवतं. जिथे ओळ संपायला हवी तिथे अर्धविराम नसेल तर तिथेच थांबा. पण फाइल बनवताना हे अर्धविराम स्वतः टाइप करू नका. स्क्रीनचा फोटो बघून प्रोग्राम टाइप करणारे हौसेने प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकतात. फाइलमध्ये फक्त नवी ओळ असावी, अर्धविराम कंट्रोल स्वतः दाखवतं.

सिमेन्सवर अर्धविरामाचा अर्थ वेगळा आहे आणि तो इथे जास्त महागात पडतो. तिथे अर्धविरामापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळी कॉमेंट असते. तुमची सिमेन्सची फाइल एका ओळीत उघडली आणि तिच्यात वर कुठे अर्धविरामाने लिहिलेली कॉमेंट असेल, तर त्यापुढचा अख्खा प्रोग्राम कॉमेंट झाला. शिवाय तिथे एका ब्लॉकला ५१२ अक्षरांची मर्यादा आहे. ती फाइल त्या मशीनवर एडिट करून वापरायचा मोह टाळा. लॅपटॉपवर शेवट बदलून नव्याने न्या आणि मशीनवरची जुनी प्रत पुसून टाका, नाहीतर रात्रपाळीत कुणीतरी तीच उचलेल.

कुठला शेवट ‘बरोबर’, हे कंट्रोल, सॉफ्टवेअर आणि रस्ता यांवर अवलंबून आहे. फॅनकला एलएफ पुरतो, जोडीचंही वावडं नाही. लिनक्सवर चालणाऱ्या लिनक्ससीएनसीला दोन्ही चालतात. आपल्याकडे बरेच विद्यार्थी आणि छोटे राउटर बनवणारे ग्रब्ल (छोट्या मशीनचं मोफत कंट्रोल सॉफ्टवेअर) वापरतात, तिथे वेगळीच गंमत आहे. ग्रब्ल सीआर आणि एलएफ दोघांनाही ओळीचा शेवट मानतं. जोडी पाठवली की सीआरला ओळ पूर्ण होते आणि मागून येणारा एलएफ रिकामी ओळ ठरतो, त्यालाही ग्रब्ल ‘ओके’ पाठवतं. तयार सेंडर (ओळी पाठवणारी) सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात. पण कुणी स्वतः पायथॉनमध्ये सेंडर लिहिला असेल आणि प्रत्येक ‘ओके’वर एक ओळ पुढे ढकलत असेल, तर हिशेब एकास दोन होतो, १२८ बाइटचा बफर भरून वाहतो आणि मधली अक्षरं गळतात. ग्रब्लसाठी फक्त एलएफ ठेवा. आणि शेवटच्या ओळीनंतरही शेवट द्या, नाहीतर ती ओळ बफरमध्ये पडून राहते, चालतच नाही.

रस्त्यांबद्दलही थोडं. डीएनसी (मशीनला प्रोग्राम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ‘एलएफ काढून टाका’, ‘सीआर जोडा’ अशा सेटिंग असतात. त्या प्रत्येक मशीनसाठी वेगळ्या असू शकतात आणि लॅपटॉप बदलला की मूळ स्थितीत जातात. एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल) नेताना आस्की मोड ठेवला तर वाटेतच शेवट बदलले जाऊ शकतात, बायनरी मोडमध्ये फाइल जशीच्या तशी जाते. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्राम ठेवणारे आता आपल्याकडेही आहेत. तिथलं आपोआप शेवट बदलणारं सेटिंग प्रोग्रामच्या फोल्डरपुरतं बंद करावं. विंडोजच्या नोटपॅडचा इतिहासही ध्यानात असू द्या. २०१८ च्या विंडोज १० अपडेटआधी नोटपॅडला एकटा एलएफ कळत नसे आणि तो सगळी फाइल एका ओळीत दाखवायचा. शॉप फ्लोअरवर अजून विंडोज ७ चे पीसी आहेत. तिथे कुणी ‘प्रोग्राम बिघडला’ म्हणून तक्रार केली तर फाइल ठीक आणि नोटपॅड जुना, असंही असू शकतं.

माझी पद्धत अशी आहे की शेवट बदलण्याचं काम साखळीत एकाच ठिकाणी व्हावं. कॅमचा पोस्ट प्रोसेसर (मशीनसाठी फाइल लिहिणारा भाग) ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ देतो, लॅपटॉपवर सगळ्या फाइली सीआर-एलएफमध्येच राहतात, डीएनसीची अदलाबदल बंद, आणि फॅनक मशीनवर सीआरएफ बिट १, म्हणजे मशीनमधून येणारी फाइलही त्याच रूपात येते आणि जुन्या नोटपॅडमध्येसुद्धा नीट उघडते. कुणी सगळीकडे एकटा एलएफ ठेवला तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती तीन ठिकाणी तीन जणांनी आपापल्या समजुतीने सेटिंग बदलण्याला, कारण मग बिघाड झाला की कुठल्या टप्प्यावर झाला हे शोधता येत नाही.

हा बिट बदलण्याआधी आधीची किंमत कागदावर लिहून ठेवा. एमडीआय (हाताने आज्ञा टाइप करण्याच्या) मोडमध्ये सेटिंगच्या पानावर पॅरामीटर राइट १ केलं की १०० नंबरचा अलार्म येतो, तो अपेक्षितच आहे. बदल झाल्यावर राइट परत शून्य करा. झिरो-आयच्या आधीच्या फॅनक कंट्रोलवर हे पॅरामीटर नंबर वेगळे असू शकतात, तिथे त्या मशीनचं पुस्तकच उघडा. फोनवर कुणी नंबर सांगितला म्हणून बदलू नका.

मोल्डचं काम करणाऱ्यांसाठी शेवट किती अक्षरांचा आहे हे जरा जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून एक हिशेब देतो. ९६०० बॉडवर सात बिट, पॅरिटी, दोन स्टॉप बिट आणि एक स्टार्ट बिट धरले तर एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं. ब्लॉक २० अक्षरांचा आणि शेवट एका अक्षराचा असेल तर सेकंदाला साधारण ४१ ब्लॉक जातात. ०.१ मिलिमीटरच्या तुकड्यांत फिनिशिंग असेल तर केबलच फीडला मिनिटाला सुमारे २५० मिलिमीटरवर अडवते. शेवट तीन अक्षरांचा झाला की तोच आकडा सुमारे २२७ वर येतो. ड्रिपफीडवर (केबलवरून प्रोग्राम येत असतानाच काम चालू असताना) मशीन अडखळत चालत असेल आणि जॉबवर टूलच्या थांबण्याच्या खुणा पडत असतील, तर फालतू सीआर, रिकाम्या ओळी आणि एन नंबर काढून पाठवून बघा.

शेवट ठीक करूनही कंट्रोल कुरकुरलं तर फाइलमधली बाकीची न दिसणारी अक्षरं बघा. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना काही एडिटर सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट चिकटवतात. ते पहिल्या टक्क्याच्या आधी येत असल्यामुळे काही कंट्रोल ते सोडून देतात, काही फाइलच नाकारतात. मेसेजमधून किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात साध्या वजाच्या जागी लांब डॅश असतो. डोळ्याला सारखा दिसतो, बाइट वेगळे. मराठीत कॉमेंट लिहायची इच्छा मला समजते, पण देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि सात बिटांच्या वाटेने ते जाऊच शकत नाही. कॉमेंट रोमन लिपीत, कॅपिटलमध्ये ठेवा. आणि ०२ नंबरचा टीव्ही पॅरिटी अलार्म आला तर मशीनवर टीव्ही चेक चालू आहे. तो प्रत्येक ब्लॉकमधली अक्षरं सम आहेत का ते मोजतो. टेपच्या काळात त्याचा उपयोग होता. लॅपटॉपवर लिहिलेल्या फाइलसाठी तो सेटिंगच्या पानावर बंद ठेवतात.

दुरुस्त फाइल मशीनवर घेताना जुन्या प्रोग्रामवर चढवू नका. वेगळ्या ओ नंबराने घ्या. मग तोच प्रोग्राम मशीनमधून परत लॅपटॉपवर पाठवा आणि पाठवलेल्या फाइलशी तुलना करून बघा. ओळींची संख्या आणि शेवटचा एम३० (प्रोग्राम संपल्याची आज्ञा) जुळला पाहिजे. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड कमी करून चालवा.

आता बोर्डाबद्दल. फाइलमध्ये एलएफ आहेत हे हेक्समध्ये बघितलं, तरीही एलएसके जात नाही, असं झालं तर केबलमधली लॅपटॉपकडून मशीनकडे जाणारी वायर तपासा. मशीन बंद करून केबल मशीनकडून काढा, २५ पिनच्या कनेक्टरवर पिन २ आणि ३ एका तारेने जोडा, आणि लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोल बंद करून काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत उमटलं तर लॅपटॉप, यूएसबी कन्व्हर्टर आणि केबलच्या दोन्ही वायरी ठीक आहेत. तरीही मशीन घेत नसेल आणि ८५, ८६ किंवा ८७ नंबरचे अलार्म येत असतील, तर तेव्हा पोर्टवर संशय घेणं रास्त आहे आणि मेंटेनन्सवाल्यांचं ऐका. केबल लावताना-काढताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद ठेवा, लॅपटॉप शक्यतो चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लॅपटॉपच्या आणि मशीनच्या अर्थिंगमधला फरक केबलवाटे वाहतो, आणि मी पाहिलेले बहुतेक पोर्ट त्यानेच गेले आहेत.

साफ केलेल्या फाइलचे पहिले वीस बाइट हेक्समध्ये काढून इथे टाका, आणि फाइंड-रिप्लेसमध्ये नेमकं काय टाइप केलं तेही लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.